बाईच्या फाईलला कुलूप

डिसेंबरात, गावोगाव धान मळून-चुरून घरी आले होते त्या दिवसांत, मला एका शाळेतून फोन आला. मोहाडीच्या पलीकडे एका गावात, तलावाच्या पाळीला लागून ती शाळा आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. माझी मोठी बहीण तिथे बावीस वर्षं शिकवत होती. फोनवर तिच्या जागी आलेल्या मॅडम होत्या.

“सर, बाईंची ती तलावाची पीपीटी तुमच्याकडे आहे न? म्हणजे, खरी?”

‘खरी’ म्हणताना त्यांनी आवाज खाली घेतला, खऱ्या दुधाची चौकशी करताना लोक घेतात तसा.

बाई म्हणजे माझी बहीण. शाळेतली पोरं तिला बाई म्हणत, पोरांचे आईबाप बाई म्हणत, आणि मी तर बोलायला लागल्यापासूनच बाई म्हणत होतो, कारण आमच्याकडे मोठ्या बहिणीला तेच म्हणतात. लग्नानंतर दोन वर्षांनी ती वरठीला आमच्या घरी परत आली. का आली ते घरात कोणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि पुढे ते राहूनच गेलं. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. लग्नाच्या भानगडीत पडलो नाही. आईवडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. नोकरीतून निवृत्त होऊन तिला चार वर्षं झाली होती, तेव्हा तीही गेली. आजारपण जेमतेम तीन आठवड्यांचं. कोणतंही काम लांबवायची तिला सवयच नव्हती.

त्याला आता दोन वर्षं झाली.

मॅडम सांगत होत्या की शाळेत मोठा स्क्रीन आला आहे. नारळ फुटला, भाषणं झाली, स्क्रीन सुरू झाला, आणि मग त्यावर दाखवायचं काय, हा प्रश्न पडला. शाळेच्या कॉम्प्युटरवर बाईंची पीपीटी म्हणून एक फाईल होती, ती लावली.

“पहिल्या सहा स्लाइडवर नुसते साहेबलोकांचे फोटो आहेत सर. तलाव सातव्या स्लाइडवर येते. तोपर्यंत पोरं खिडकीतून खराच तलाव पाहून घेतात.”

या मॅडम मला आवडल्या.

“जानेवारीत जिल्ह्याला प्रदर्शन आहे, तिथेही हीच मागितली आहे. पण खरी पाठवा सर. आणि कुलूप लावून पाठवा. नाही तर इथून वर जाईपर्यंत सहाच्या आठ होतील.”

ज्यांनी कधी सरकारी पीपीटी पाहिली नाही त्यांना हे अतिशयोक्तीचं वाटेल. माझं अर्धं आयुष्य मी अशा पीपीट्या पाहत बसलो आहे. आधी गुलाबाची फुलं येतात, त्यांवर दव चमकत असतं आणि ते दव हलत असतं. मग समई. समईची ज्योतही हलते. मग हुद्द्याच्या क्रमाने फोटो येतात, वरच्या साहेबांचा वर्तुळात, त्याखालच्यांचे चौकोनात. कुणाची बदली झाली की जिल्हाभर ती फाईल उघडली जाते, एक चेहरा काढून दुसरा बसवला जातो. घाईत कधी चेहरा नवा आणि नाव जुनंच राहतं, आणि सभागृहात कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तोवर सगळे चहाची वाट पाहत असतात. फाईल जितके हात फिरते तितकी तिची प्रस्तावना वाढत जाते. बाईच्या पीपीटीचं हेच झालं होतं. एका प्रशिक्षणात ती मी स्वतः पाहिली होती. बाईचं नाव सर्वांत शेवटी, ‘सहकार्य’ या शब्दाखाली, इतर अकरा जणांबरोबर होतं. ते अकरा जण त्या गावाला कधी गेले असतील असं मला वाटत नाही.

या सगळ्याला मी पुष्कळ हसलो आहे. घरी येऊन बाईला नकला करून दाखवल्या आहेत. पण मॅडमनी ‘खरी आहे का’ असं विचारलं तेव्हा मला हसू आलं नाही. त्या फाईलला पहिला हात लावणारा कोणी साहेब नव्हता. तो मी होतो.

ती पीपीटी बाईने पोरांना घेऊन बनवली होती. नाव होतं ‘आमची बांधी, आमचा तलाव’. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. तिने तिच्या फोनवर काढलेले फोटो होते आणि प्रत्येक फोटोवर एक प्रश्न होता. बटण दाबलं की खाली उत्तर येई. प्रश्न बाईचा, उत्तर पोरांचं, त्यांनी सांगितलं तसंच्या तसं. एका स्लाइडवर प्रश्न होता, ‘तलावाचं पाणी पहिले कोणाच्या बांधीत सोडतात?’ बटण दाबलं की उत्तर येई, ‘शेवटच्या. जवळचा काय, तो कधी बी घेते.’

तालुक्याला शिक्षकांचा मेळावा होता, तिथे तिला ही पीपीटी दाखवायची होती. आदल्या दिवशी तिने ती मला मेलने पाठवली. एकाच घरात, दोन खोल्यांमधून. मी वाचत बसलो होतो आणि वाचताना कोणी बोललेलं मला चालत नसे, हे तिला माहीत होतं.

मी फाईल उघडली आणि सुधारली. तिने ‘बघ’ म्हटलं होतं. मी ग्रंथपाल माणूस, मला नुसतं बघता येत नाही. शीर्षक बदलून ‘भातशेती व जलव्यवस्थापन : एक दृष्टिक्षेप’ असं केलं. आमच्याकडे भात ताटात असतो, शेतात असतो तो धान, हे मला जन्मापासून माहीत आहे. तरी मी भातशेती लिहिलं, कारण छापील पुस्तकांत तसं असतं. तिचे फोटो धुरकट होते, ते काढले आणि इंटरनेटवरून चांगले शोधून घातले. धानाचा एक फोटो तर फारच सुंदर मिळाला. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची हिरवी शेतं, मधून धुकं. घराबाहेर पडून शंभर पावलं चाललं की धान लागतो अशा जिल्ह्यात बसून मी धानाचा फोटो कुठल्या तरी परदेशातून आणला. शेवटची, विसावी स्लाइड कोरीच होती. चुकून राहिली असणार म्हणून ती पुसून टाकली. गुलाब मात्र घातले नाहीत. त्याचा मला अभिमान वाटत होता. नुसती एक किनार घातली, बारीक, सोनेरी.

मग फाईल पेनड्राइव्हवर घेऊन तिच्या लॅपटॉपवर त्याच नावाने ठेवली. कॉम्प्युटरने विचारलं, आधीची फाईल बदलू का? मी म्हटलं, हो.

मेळाव्याला मी मागच्या खुर्चीवर होतो. बाईबरोबर चौथीतल्या दोन मुली होत्या. नवं शीर्षक बाईने न वाचताच पुढे सरकवलं, पण पाचव्या स्लाइडला तो डोंगर आला. बाईने बटणावरचा अंगठा उचलला. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, आणि माईक जवळ असल्याने ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं :

“बाई, हे कोनाची बांधी आहे?”

लोक हसले. बाईने स्क्रीनकडे पाहिलं.

“मालूम नाही बेटा. आपल्या गावची तं नाही.”

मग तिने हातातलं ते स्लाइड सरकवायचं बटण टेबलावर ठेवलं आणि स्क्रीनकडे पाठ करून उरलेलं सगळं तोंडी सांगितलं. मागे माझे फोटो पुढे सरकत नव्हते. तो डोंगर तसाच तिच्या डोक्यावर उभा होता. तिला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं.

परत येताना मी स्कूटर चालवत होतो, ती मागे बसली होती.

“बाई, राग आला का?”

“राग येऊन काय करू? मोठा सुंदर होता फोटो.” मग थोड्या वेळाने, “काहून रे बापू, डोंगरावर धान लावतेत तं तिथं पाणी कसं थांबते?”

मी तिला उतारावरच्या शेतीबद्दल, दगडी बांधांबद्दल, पाणी एका पायरीवरून दुसरीवर कसं उतरतं त्याबद्दल वरठी येईपर्यंत सांगत होतो. ती ‘हो का’ म्हणत होती. हिला विषयात गोडी आहे असं मला वाटलं.

त्यानंतर तिने मला काही दाखवलं नाही. भांडण नाही, अबोला नाही. सकाळचा चहा नेहमीसारखा, पेपरातल्या बातम्यांवर वाद नेहमीसारखे. पण ती लॅपटॉपवर काही करत असली आणि मी चहा घेऊन खोलीत गेलो, की ती हाताने झाकण खाली करी, कप घेई आणि माझ्याशी बोलू लागे. झाकण अगदी हलक्या हाताने लावी, राग आलेला माणूस लावतो तसं नाही. फाईलचं रक्षण करण्याच्या पुष्कळ पद्धती मी यंदा शिकलो, त्यांत याहून पक्की एकही नव्हती. मला वाटायचं, विचारीन कधी तरी. एकाच घरात राहणाऱ्या माणसांना घाई कशाची असते? अशी सात वर्षं गेली.

तर मॅडमना मी म्हटलं, शोधतो.

बाईचा लॅपटॉप कपाटात होता. त्यावर माझी सुधारलेलीच फाईल होती, मीच बदललेली. तिचे पेनड्राइव्ह पाहिले. त्यांत मतदार याद्या, पोषण आहाराचे तक्ते, आसगावच्या मावशीच्या नातवाच्या लग्नाचे चारशे फोटो. त्या चारशेंत बाई एकाही फोटोत नव्हती. फोटो तिने काढले होते. तिचं हे नेहमीचंच होतं. कोणी फोन काढला की ती म्हणे, “आण, मी काढते, तू तिकडं उभा राह्य.” गेली तेव्हा घरात लावायला फोटो शोधताना मला शेवटी तिच्या निवडणूक ड्यूटीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घ्यावा लागला. त्यात ती मतदान यंत्राकडे पाहावं तशी पाहते आहे.

चार दिवस मी घर उलथंपालथं केलं. पाचव्या दिवशी दात घासताना आठवलं की ती फाईल तिने मला मेलने पाठवली होती. मेलमधली फाईल मी उतरवून घेतली, उतरवलेली बिघडवली. पण मेलमधली तशीच असणार. तिथे माझा हात पोचलाच नव्हता.

ती होती. मेलला विषय नव्हता. आत एक ओळ : ‘बघ एकदा. उद्या सकाळी पाहिजे.’ नऊ वर्षं ती माझ्याच मेलमध्ये पडून होती.

मी उघडली. शीर्षक तिचं. फोटो धुरकट. शेवटच्या माणसाची बांधी, धानाची रोपं, पऱ्हे, उपटणाऱ्या बायका, तलावाचं पाणी सोडायच्या तुडुंबाचं दगडी तोंड. आणि अकराव्या स्लाइडवर कापणीनंतरची रिकामी बांधी, त्यात उन्हं कललेली, आणि समोर जमिनीवर लांबच लांब पडलेली बाईची सावली. अंबाडा, खांद्याला पिशवी, फोन धरायला दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. नऊ वर्षांपूर्वी हा फोटो मी पाहिला होता आणि सावली पडलेली आहे म्हणून काढून टाकला होता.

 कोपरांवरून मला ती इतकी कळत होती, की ओळखपत्राच्या फोटोत तेवढी कधी कळली नव्हती.

त्यानंतर मला एकच दिसत होतं. या फाईलला कोणी हात लावता कामा नये. साहेबांनी नाही, केंद्रशाळेने नाही, मॅडमनीही नाही. मी तर नाहीच. कोरी स्लाइडसुद्धा मी तशीच राहू दिली. ती चूकच आहे असं मला अजूनही वाटत होतं, पण आता ती बाईची चूक होती.

वरठीला स्टेशनच्या रस्त्यावर एका ताईंचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, सातबारे, पोरांचे प्रकल्प, सगळं त्या करतात. फाईल घेऊन मी तिथे गेलो.

“कोनापासून वाचवायची आहे काकाजी?”

“सगळ्यांपासून.”

“मंग पाठवूच नका न.”

मी म्हटलं, पाठवायची तर आहे. त्यांनी फाईल उघडली आणि ती अंतिम आहे अशी खूण केली. वर एक पिवळी पट्टी आली, ‘लेखकाने ही अंतिम ठरवली आहे’ अशा अर्थाची. शेजारीच एक बटण होतं, ‘तरीही बदला’.

“हे कुलूप झालं?”

“कुठचं कुलूप! हे तं ‘कृपया चपला बाहेर काढा’ अशी पाटी आहे. कोन काढते?”

मग त्यांनी फाईलची पीडीएफ करून दाखवली. ती मला पक्की वाटली, छापल्यासारखी. पण पानं उलटताना त्यांचाच हात थांबला. प्रश्न आणि उत्तर एकदमच दिसत होतं.

“काकाजी, इथं तं उत्तर आधीच दिसून राहिलं. पोरायले विचारता काय मंग?”

ते बरोबर होतं. बाईने विचारून, थांबून, मग बटण दाबायचं. तो थांबाच त्या पीडीएफमधून गेला होता. पीडीएफ रद्द. स्लाइडचे नुसते फोटो करून लावायचे, हाही एक उपाय होता, त्याला तीच अडचण.

शेवटी त्यांनी पासवर्डच्या दोन चौकटी दाखवल्या. एक फाईल उघडण्यासाठी, दुसरी बदलण्यासाठी.

“एक दाराचं, एक कपाटाचं. तुमाले दुसरं पाहिजे. या, बसा, पाहा, हात लावू नका.”

“आणि कोणी फोडलं तर?”

“हटकून फोडणारा फोडतेच. पन फोटो चिकटवनारे लोक एवढी मेहनत नाही करत.” मग मान वर करून म्हणाल्या, “पासवर्ड विसराल तं माह्याकडे येऊ नका. मी पायला नाही.”

पासवर्ड मी टाइप करत असताना त्यांनी तोंड रस्त्याकडे वळवलं. तो काय ठेवला ते इथेही लिहीत नाही. सवय.

बाहेर पडण्याआधी त्यांनी पडद्यावर थांबलेल्या अकराव्या स्लाइडकडे पाहिलं. “सावली आली आहे काकाजी. काढू का? दोन मिनिटाचं काम आहे.”

“नको,” मी म्हटलं. जरा जोरात म्हटलं असावं. झेरॉक्स काढणारं गिऱ्हाईक माझ्याकडे वळून पाहू लागलं.

फाईल पाठवली. मॅडमचा मेसेज आला, ‘मिळाली सर, खूप आभार, पोरं खूश.’ मला फार बरं वाटलं. एका माणसाची एक तरी वस्तू आहे तशी जपली गेली, आणि ती मी जपली, असं काहीसं. घरी दिवसातून दोनदा मी फाईल उघडून काही बदललं नाही ना ते पाहत होतो. माझ्याच कॉम्प्युटरवर, पासवर्ड लावलेली. बदलणार कोण होतं?

आठवडाभराने मॅडमचा पुन्हा फोन आला.

“सर, शेवटच्या स्लाइडवर टाइपच होत नाही.”

“तिथे काय टाइप करायचं आहे?”

“तेच तर. ती कोरी आहे न. पोरं विचारू लागली, ही कोणाची? मी म्हटलं राहिली असेल. तर आमच्या खिचडीवाल्या मावशी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, राहिली कायची? ते चौथीवाल्यायची आहे. बाई दरसाली त्यायच्याकडून सांगून घे अन् लिहे. मग काय, पोरांनी ठरवून टाकलं काय लिहायचं. आणि आता लिहिताच येत नाही.”

मागून एक खणखणीत आवाज आला, मावशींचाच असावा. “दोन-तीन साल घेतलं लिहून. मंग त्या तालुक्याच्या कार्यक्रमाच्या बादमधी बंद केलं. काहून केलं, देव जाणे.”

मी मॅडमना म्हटलं, पाहून सांगतो.

मी फाईल उघडली. विसावी स्लाइड, पांढरी. तिच्या खाली एक रेघ असते. ती रेघ ओढून वर घेतली की बोलणाऱ्याने स्वतःसाठी टिपणं लिहायची जागा उघडते. प्रेक्षकांना ती दिसत नाही. इतक्या वर्षांत मी ती रेघ कधी ओढली नव्हती. मला फक्त वरचं दिसत होतं, आणि ते सुधारायचं होतं.

बाईने प्रत्येक स्लाइडखाली लिहिलं होतं.

विसाव्या स्लाइडखाली : ‘इथे थांबायचं. यंदाच्या चौथीला विचारायचं. ते सांगतील तेच लिहायचं. पुढच्या सालासाठी एक कोरी ठेवायची.’

मी मागे मागे जात राहिलो. एकोणिसावी, अठरावी, सतरावी त्या आधीच्या तीन वर्षांच्या चौथीच्या पोरांनी केलेल्या होत्या. अकरावीखाली, त्या सावलीच्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘माझी सावली आली. कापणी झाली की पोरांकडून नवा काढून हा बदलवायचा.’ आणि पाचवीखाली, जिथे मी डोंगर घातला होता : ‘फोटो धुरकट आहे. बापू म्हणेल बदलव. बदलवायचा नाही. ही दुसरीतल्या पोरीच्या घरची बांधी आहे, ती ओळखते.’

म्हणजे माझा विचार तिने आधीच करून ठेवला होता. मग तरी तिने मला ती फाईल का पाठवली? मी ‘हा फोटो बदलू का’ असं विचारीन, आणि ती नाही म्हणेल, आणि मग आम्ही वाद घालू, असं तिला वाटलं असेल का? विचारायला हवं होतं इतकंच ना? आता हे तिच्याशी बोलता येत नाही. चहाच्या वेळी अजून माझ्या तोंडून ‘बाई, ऐक’ असं निघतं, आणि मग मी ते वाक्य रेडिओला म्हटल्यासारखं पूर्ण करतो.

संध्याकाळपर्यंत मी त्या फाईलशी बसलो होतो. कुलूप काढायचं तर अकरावी स्लाइड जाणार, हे स्पष्ट होतं. पोरांनी नाही काढली तरी तिच्या शब्दाप्रमाणे ती जायलाच हवी होती. मूळ फाईल माझ्या मेलमध्ये राहणारच, हे मला कळत होतं. पण माझ्या मेलमध्ये राहणं निराळं आणि शाळेत रोज पोरांसमोर तिची सावली पडणं निराळं. ते मला हवं होतं. बाईला नको होतं, आणि तिने तसं लिहून ठेवलं होतं. आणखी एकदा तिच्या फाईलमध्ये मी माझं मन घालावं की नाही, एवढाच प्रश्न होता.

मी दोन प्रती केल्या. प्रदर्शनाला जाणारी, कुलूप लावलेली. शाळेची, उघडी. मॅडमना लिहिलं, ‘शाळेची प्रत पोरांची आहे. त्यांना हवं ते करू द्या. प्रत्येक स्लाइडखाली बाईंनी लिहिलेलं आहे, ते आधी वाचा.’ पाठवायच्या आधी अकरावी स्लाइड मी एकदा उघडून पाहिली. 

प्रदर्शनात त्या कुलपाने काम केलं. साहेबांचे फोटो फाईलमध्ये शिरले नाहीत. ते वेगळ्या फलकावर छापून स्क्रीनच्या शेजारी उभे केले होते, असं मॅडमनी सांगितलं. माणसाच्या कल्पकतेला अंत नाही.

जानेवारीच्या शेवटी एका शनिवारी पोरं ती पीपीटी गावकऱ्यांना दाखवणार होती. मी येऊ का, असं मॅडमना विचारलं.

“सर, हे काय विचारणं झालं? या न.”

“मागे बसेन.”

सकाळची शाळा होती. मी वरठीहून स्कूटरने गेलो. बांध्यांमध्ये लाखोळीला, म्हणजे लाखेच्या डाळीच्या पिकाला, निळी फुलं आली होती. धान उभा असतानाच लाखोळीचं बी फेकतात, कापणीनंतर मागे तीच उरते. शाळेत खाली सतरंजी होती आणि माझ्यासाठी खुर्ची. खुर्ची मी मावशींना दिली. त्या बसल्या नाहीत, खुर्चीवर भाजीची टोपली ठेवली.

बटण एका चौथीतल्या मुलीच्या हातात होतं. ती प्रश्न वाचे, सगळ्यांकडे पाही, आणि मग दाबी. पाचवी आली. धुरकट. मागून एका तरुण बाईने कडेवरच्या लेकराला सांगितलं, “ते पाह्य, आपली बांधी.” दहावी आली. मी सतरंजीवर सरळ होऊन बसलो.

अकरावीवर नवा फोटो होता. तीच बांधी असावी. उन्हात डोळे बारीक करून उभी असलेली सात पोरं, मागे लाखोळी, आणि फोटो एका बाजूला जरा कललेला. सावली नव्हती. मी तिथे पुढे काही शोधत असल्यासारखा पाहत राहिलो. मुलीने दाबलं आणि ती स्लाइड गेली.

नंतरच्या स्लाइड मी नीट पाहिल्या नाहीत. शेवटी ती विसावीला आली. पांढऱ्यावर निळ्या मोठ्या अक्षरांत यंदाचा प्रश्न होता. मुलीने वाचला :

“तलावाचं पानी कमी झालं, हे सर्वात आधी कोनाले समजते?”

आणि थांबली. बाईच्या टिपणाप्रमाणे थांबली. गावकरी एकमेकांकडे पाहू लागले. कोणी म्हणालं, धीवराले. पोरांनी माना हलवल्या. कोणी म्हणालं, म्हशीले. पोरं खुदखुदू लागली. मुलगी बटणावर अंगठा ठेवून सगळ्यांवरून नजर फिरवत होती, घाई नव्हती तिला, आणि ती नजर फिरत फिरत मागे, माझ्यापर्यंत आली.

“सर, तुमी सांगा न.”

 मी हात वर केला आणि म्हटलं, “बगळ्याला.”

“गलत,” सगळी पोरं एका आवाजात म्हणाली, आणि तिने दाबलं.